विग्रम स्ट्रीटवर आपल्याआधी कोण होतं?

(कोजागिरी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. मसाला दुधाचा वास इथवर येतोय, म्हणून फार लांबवत नाही. समितीने मला सिडनीतल्या हॅरिस पार्क या उपनगराचा इतिहास सांगायला बोलावलंय. तो सांगतेच, पण गेल्या आठवड्यात आमच्या घरी जे बोलणं झालं, ते डोक्यातून जात नाही.

माझे सासरे, अप्पा, सध्या आमच्याकडे आलेत. त्यांना शनिवारी संध्याकाळी हॅरिस पार्कातल्या विग्रम स्ट्रीटला, आपल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, नेलं. पाणीपुरी झाली, पान झालं, दुकानात भाकरवडीची पाकिटं दिसली. घरी येऊन जेवताना अप्पा खुशीत म्हणाले, "हे तर सगळं आपलंच झालंय की!" सातवीतला आमचा मुलगा म्हणाला, "मग माझ्या मित्राच्या टेटाचं काय?" टेटा म्हणजे आजी. लेबनीज. बरीच वर्षं हॅरिस पार्कात राहिली, आता गिल्डफर्डला असते. अप्पा म्हणाले, "अरे, तिने घर विकलं, पैसे घेतले. कोणी हाकललं का तिला?" त्यावर पोरगा म्हणाला, "आजोबा, गिरगावातली खोली तुम्हीपण विकलीच होती ना?"

यांनी त्याला उलट बोलल्याबद्दल झापलं, मी यांना झापलं, आणि आमटी तशीच गार झाली. गिरगावातून डोंबिवलीला गेलेल्या माणसाला तो प्रश्न किती लागला असेल, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको.

तर ही टेटा तिथे आली कशी? १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी सुरू झाली आणि तिथली माणसं मोठ्या संख्येने सिडनीत आली. त्याच सुमारास, १९७३ मध्ये, इथलं गोऱ्यांनाच येऊ देणारं 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणही अखेर मोडीत निघालं होतं. १९०१ च्या कायद्याने बंद झालेलं ते दार उघडलं म्हणून पुढे तुम्हीआम्ही आलो. हॅरिस पार्कमधलं 'अवर लेडी ऑफ लेबनॉन' हे मारोनाइट (लेबनीज कॅथलिक पंथाचं) चर्च त्याच लोकांनी मोठं केलं. कुटुंबं पांगली, तरी प्रार्थनेला माणसं लांबून तिथेच येतात. दादरला राहणारा माणूस गणपतीत गिरगावात जातो, तसंच.

त्याच्या किती आधी सुरुवात झाली बघा. जेम्स रूस नावाच्या शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला १७८९ मध्ये इथे जमीन कसायला दिली. वसाहतीचं पोट इथल्या मातीवर भरेल का, हे पाहायचं होतं. म्हणून ते एक्स्पेरिमेंट फार्म. १७९३ मध्ये त्याने ती जमीन सैन्यातल्या सर्जन जॉन हॅरिसला विकली, आणि नाव राहिलं हॅरिसचं. त्याच वर्षी शेजारी, आजच्या रोझहिलमध्ये, मॅकार्थर दांपत्याने एलिझाबेथ फार्म बांधायला घेतलं. युरोपियनांनी ऑस्ट्रेलियात बांधलेल्या घरांपैकी आजही उभं असलेलं ते सर्वांत जुनं घर. आपण तिथून डोशाच्या रांगेसाठी पार्किंग शोधत जातो.

मला सगळ्यात मोह पडला तो याचा: १७९२ मध्ये वसाहतीत अन्नाची टंचाई होती, तेव्हा 'अटलांटिक' नावाचं जहाज कलकत्त्याहून तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन सिडनीला आलं. आपल्यातला पहिला माणूस विग्रम स्ट्रीटवर पोचण्याच्या कितीतरी आधी डाळ पोचली होती!

आणि या सगळ्यांच्या आधी इथले मूळ रहिवासी, दारुग लोकांमधले बरामट्टगल. शेजारच्या पॅरामाटाचं नाव त्यांच्याकडूनच आलं. १७८९ च्या देवीच्या साथीत सिडनीच्या आसपासचे मूळ रहिवासी प्रचंड संख्येने मेले. वाचलेल्यांची जमीन गेली. त्यांनी काही विकलं नव्हतं, हे अप्पांच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

आता जरा रागावते. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री, म्हणजे या जमिनीच्या मूळ रहिवाशांना मान देणारं निवेदन, वाचतो. त्या वेळी सभागृहात काय चाललेलं असतं? खुर्च्या अडवणं, समोशांची चौकशी, माइकची खरखर. वाचणारा एका दमात उरकतो. पोरं हे शाळेत मन लावून शिकतात आणि इथे येऊन आपल्याकडे बघतात.

दुसरं. २०२१ च्या जनगणनेत हॅरिस पार्कची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती, आणि त्यात भारतात जन्मलेले जवळपास निम्मे. मे २०२३ मध्ये दोन्ही देशांचे पंतप्रधान सिडनीत एकत्र होते, तेव्हा हॅरिस पार्कच्या 'लिटल इंडिया'च्या कमानीची कोनशिला झाली. अभिमान मलाही वाटला. पण तिथे गुजराती, हिंदी, पंजाबी कानावर पडते, नेपाळी पडते. मराठी शोधावी लागते. जून २००९ मध्ये भारतीयांवरच्या हल्ल्यांच्या विरोधात भारतीय विद्यार्थी याच रस्त्यांवर उतरले होते आणि बातम्यांत लेबनीज विरुद्ध भारतीय असं चित्र रंगलं होतं. तेव्हा इथे राहणारी मराठी मुलं आज चाळिशीला आलीत, या सभागृहात बसलीत. त्यांना कुणी विचारलंय का, त्या रात्री कशा गेल्या? लेबनीज शेजाऱ्यांपैकी कुणी चहाला बोलावलं होतं का? हे लिहून ठेवायला हवं, आणि टेटासारख्या आजींनाही विचारायला हवं. तिचा नातू दुभाषा व्हायला तयार आहे. मंडळातून कोण येतंय, मला आजच नाव द्या.

घाई एवढ्यासाठी, की विग्रम स्ट्रीटवरची बैठी घरं, ज्यांच्या अंगणात आपण टेबलं मांडून जेवतो, त्यांच्या मागे पॅरामाटाचे टॉवर दरवर्षी उंच होताहेत. दुकानदारांशी बोलले तर भाड्याचीच काळजी ऐकू येते. आपली बहुतेक कुटुंबं स्कोफील्ड्स, तालावाँग अशा लांबच्या उपनगरांकडे कधीच गेली. हॅरिस पार्कात राहतात ती नवी आलेली पोरं, एकेका खोलीत दाटीवाटीने, आणि भाडं वाढलं की पहिली तीच उठतील. ती कुठे जातील, आणि तेव्हा आपलं मंडळ त्यांच्यासाठी काय करणार, यावर समितीच्या बैठकीत मी दोनदा विषय काढला. अजून कुणाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.