छडी, कायदा आणि पालकांची संमती

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा आदेश काढला, तेव्हा त्यातील दंड मुलासाठी नव्हता, तर त्याला शाळेत न पाठवणाऱ्या पालकासाठी होता: दरमहा एक रुपया. वर्गात पाऊल टाकल्यावर मात्र मूल गुरुजींच्या स्वाधीन होई. अंगठे धरणे, उठाबशा, कोंबडा, बोटांच्या पेरांवर बसणारी उभी पट्टी हे प्रकार या जिल्ह्यातील जुन्या पिढ्यांना समजावून सांगावे लागत नाहीत.

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली. तरीही वाद मिटला नाही, कारण छडीला खरा आधार शिक्षकांच्या हट्टापेक्षा पालकांच्या संमतीचा आहे. ‘सर, दोन फटके द्या, पण पोरगं वळणावर आणा,’ असे सांगणारे वडील शिवाजी पेठेत भेटतात, तसेच गडहिंग्लजकडच्या खेड्यांतही भेटतात. कलम १७ अशी संमती मानत नाही. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये, जुन्या दंड संहितेच्या कलम ८९ प्रमाणेच, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने व सद्भावनेने केलेल्या कृतीला काही मर्यादेत संरक्षण दिलेले आहे. शिवाय शिक्षणहक्क कायद्यातील ‘बालक’ सहा ते चौदा वर्षांचे असल्याने, शिस्तीची सर्वाधिक ओरड ज्यांच्याबद्दल होते ती दहावीची मुले बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांच्यासाठी बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ चा, म्हणजे थेट फौजदारी गुन्ह्याचा, मार्ग उरतो. तिथवर जाण्याची पालकांची तयारी क्वचितच असते, म्हणून प्रकरण बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीतच मिटते.

शिक्षकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीनिवारणाची कामे त्यांच्याकडून घेण्यास शिक्षणहक्क कायदाच मुभा देतो, आणि भरलेल्या वर्गात एकट्याने शांतता राखायची असते. पण हा मनुष्यबळाचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न आहे. त्याची किंमत मुलाच्या तळहाताने का चुकवावी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

‘आम्ही मार खाल्ला म्हणूनच घडलो,’ हा युक्तिवाद माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत हमखास ऐकू येतो, आणि तो प्रामाणिकही असतो. मात्र मेळाव्याला येतात ते शाळेत टिकलेले. माराच्या धास्तीने पाचवी-सहावीतच शाळा सोडून कुणाच्या वर्कशॉपमध्ये किंवा ऊसतोडीला गेलेल्यांना त्या मेळाव्याचे निमंत्रणच जात नाही.

अनुदानित आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे शिक्षणहक्क कायद्याचे कलम २१ सांगते. छडीची तक्रार ज्या बैठकीत मांडता येईल, तिथे बहुमत पालकांचेच आहे. आणि शाळेत पोर सोडताना ‘दोन फटके द्या’ म्हणणारेही त्याच बैठकीत बसलेले असतात.