टिपाडाचं सप्तक

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव ‘शहराचा नाद’ असं छापलंय, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरचा. संबळ, हलगी, पाणचक्की, वेरूळ हे सगळं मी आणलंय आणि ते सांगणारच आहे. पण आधी मला टिपाडाबद्दल बोलू द्या. इथं तबल्याशेजारी उंच डबा आणि तोटीचा जार कशाला ठेवलाय, असं मघाशी दोघातिघांनी विचारलं. त्याचं काम शेवटी आहे.

टिपाड काय असतं ते या सभागृहात कुणाला सांगायला नको. 200 लिटरचं निळं पिंप, काठावर मापट्याचा दोर बांधलेलं. आपलं पाणी पैठणच्या नाथसागर धरणातून येतं, 50 किलोमीटर लांबून आणि तेही चढावर. आमच्या गल्लीत कितीतरी वर्षं ते आठ-आठ दिवसांनी आलं, आणि बहुतेक वेळा रात्रीच. दीड-दोन वाजता कुणीतरी हाक द्यायचं, ‘नळ आले!’, की दहा मिनिटांत प्रत्येक दारात नळी, हंडे, कळश्या. जिना चढून जाणारे बाप, पेंगुळलेली पोरं, आणि लाईट गेलेली असली तरी न थांबणारं भरणं. ज्यांनी हे केलंय त्यांना ती रात्र आठवली असेल. माना हलताना दिसताहेत मला.

आता सांगा, अंधारात टिपाड भरलं हे कळतं कसं? कुणी सारखा हात घालून बघत नाही. कानानं कळतं.

माझी एक विद्यार्थिनी होती, सातवीतली. मी वर्गात आरोह समजावत होतो. सा रे ग म, स्वर कसा पायरीपायरीनं चढतो वगैरे. ती म्हणाली, “सर, टिपाड भरतंय तसं का?” मला कळेना. मग तिनं सांगितलं. रात्री नळ आले की आई वरच्या मजल्यावर कळश्या चढवते आणि हिला टिपाडापाशी बसवते. आईनं सांगून ठेवलंय, “झोप आली तर डोळे मिट, पण कान उघडा ठेव. आवाज बारीक व्हायला लागला की उठ अन् तोटी फिरव.” पोरीला दोन वर्षांची सवय. टिपाड कधी सांडलं नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी तिनं वहीचं शेवटचं पान दाखवलं. पेन्सिलीनं एकच रेघ काढली होती. डावीकडून निघते, बराच वेळ जवळजवळ आडवीच जाते, मग हळूहळू उचलते आणि शेवटी भिंतीसारखी उभी होते. त्या उभ्या भागावर एक ठळक टिंब आणि खाली लिहिलेलं, ‘इथं मी उठते.’ मंडळी, चित्रकलेच्या तासाला तिला कुणी हे शिकवलं नव्हतं, संगीताच्या तासाला मीही नव्हतं. ऐकलेलं तिनं कागदावर आणलं होतं.

आणि ती रेघ बरोबर आहे. टिपाडात स्वर देते ती पाण्यावर उरलेली हवा. हवेचा खांब जितका तोकडा तितका स्वर उंच, बासरीत असतं तसं. रिकाम्या टिपाडात हा खांब 3 फुटांच्या आसपास. अर्धं भरलं की खांब निम्मा, आणि स्वर जवळजवळ सप्तकभर वर, खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत. म्हणजे पहिलं सप्तक चढायला अर्धं टिपाड लागलं. पुढचं सप्तक चढायला उरलेल्याचं निम्मंच पुरतं. त्याच्या पुढचं त्याच्याही निम्म्यात. धार तीच, पाण्याचा वेग तोच, पण शेवटच्या वीतभर जागेत आवाज धावत सुटतो. तिची रेघ उभी होते ती तिथं, आणि आई ‘बारीक आवाज’ म्हणते तोही तिथलाच.

मग मी तिच्यापुढे चिनीमातीचे वाडगे मांडले, जलतरंगाचे. काडीनं वाजवला, पाणी ओतलं, परत वाजवला. स्वर उतरला. ती माझ्याकडं बघायला लागली. “सर, हे तर उलटं झालं! टिपाडात पाणी वाढलं की आवाज चढतो अन् वाडग्यात उतरतो?” या प्रश्नावर आम्ही दोघांनी आख्खी संध्याकाळ घालवली. वाडग्यात थरथरतो तो वाडग्याचा काठ, आणि पाण्याच्या वजनानं तो जड होतो, मंदावतो. टिपाडात थरथरते हवा, आणि पाणी तिची जागा खातं. पाणी तेच, वाजणारी वस्तू वेगळी. इतकी वर्षं जलतरंग जवळ बाळगून हे दोन आवाज शेजारी ठेवून बघावेत असं मला सुचलं नव्हतं. ते तिला सुचलं.

आता जे सांगतो ते माझ्या मनातून जात नाही. त्या वर्षी ती एका संगीत परीक्षेला बसली. मी पेटीवर साथीला होतो. परीक्षकांनी विचारलं, आरोह म्हणजे काय? पोरगी खूश झाली. म्हणाली, “टिपाड भरताना आवाज चढत जातो ना, तसं स्वर चढत जाणं.” परीक्षक म्हणाले, “इथं पाणी भरायला आलीस का? व्याख्या सांग.” तिचा चेहरा उतरला. व्याख्या पाठ होती, पण शब्द फुटेना. मग भूप राग गायला सांगितला, तर रोज नीट लागणारा धैवत त्या दिवशी लागला नाही. बाहेर तिची आई उभी होती. “सर, पोरीनं चुकीचं काय सांगितलं हो?” मी म्हणालो, “ताई, काहीच नाही.” हे उत्तर मी आत, त्या खोलीत द्यायला हवं होतं. पेटीवर हात ठेवून मी गप्प बसलो. म्हणून जिथं बोलावतील तिथं ही गोष्ट मी सांगतो, आणि सांगत राहणार.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मग भराभर जाऊ.

हलगी. वाजवायच्या आधी हलगीवाला पाचोळा पेटवतो आणि कातडं शेकतो. शेकता शेकता बोटानं टिचकी मारून बघतो. कातडं ताणलं की स्वर चढतो. हवा तो स्वर आला की हात मागे. पावसाळ्यात कातडं सर्दतं, स्वर बसतो, परत जाळ. त्याच्याजवळ सूरपेटी नसते, सूर कानात असतो. तुळजापूरच्या वाटेवर गोंधळ्याचा संबळ ऐका. दोन तोंडं, एक खर्जातलं आणि एक चढं, आणि एका काडीचं टोक वाकडं. ते टोक कातड्यावर कसं बसतं ते जवळ जाऊन बघा. लांबून तो नुसता कडकडाट वाटतो.

पाणचक्की. आपण पाहुण्यांना तिथं नेतो आणि फोटो काढून परत आणतो. पुढच्या वेळी पाच मिनिटं डोळे मिटून उभे राहा. डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून येतं, भिंतीवर चढतं आणि हौदात पडतं. हौद भरलेलाच असतो, पातळी हलत नाही, म्हणून आवाजही जागचा हलत नाही. तंबोऱ्यासारखा. टिपाडाला चढ आहे, हौद एका सुरावर थांबलाय. शहर वसवणाऱ्या मलिक अंबरानं नहर, म्हणजे पाण्याचा कालवा, आणली तेव्हापासून हे शहर पाण्याकडं कान लावून बसलंय, असं मला वाटतं.

वेरूळ, लेणं क्रमांक 10. सुताराची झोपडी म्हणतात ते, कारण छताला लाकडी तुळयांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात. गर्दी नसेल तेव्हा तिथं एक सा लावा आणि थांबा. तुम्ही थांबलात तरी सा थांबत नाही. तिथं तान घेतली तर स्वर एकमेकांवर सांडतात. मग आपोआप संथ गायला लागतो माणूस. दगडच तुम्हाला लय सांगतो.

तर मला म्हणायचंय ते हे. आपल्या घरातल्या पोरांचे कान तयार आहेत. अडचणीनं तयार केलेत. पाण्याची ही ओढाताण संपलीच पाहिजे, कुठल्याही पोरीनं रात्री दोनला जागू नये. पण जो कान तिनं कमावलाय तो वर्गाच्या दाराबाहेर काढून ठेवायला सांगू नका. व्याख्या नंतर द्या. आधी विचारा, घरी काय ऐकतेस? आमच्या वर्गात पहिले पंधरा दिवस मुलं फक्त रेघा काढतात. कुकरची शिट्टी, रिक्षाचा गिअर, भंगारवाल्याची हाक. मग सरगम.

तीन मिनिटं उरलीत. ती विद्यार्थिनी आता मोठी झालीय, आणि आज इथंच, जारपाशी बसलीय. दिवे जरा मंद करता का? मंडळी, डोळे मिटा. डबा भरत आला असं वाटेल तेव्हा हात वर करा, शेजाऱ्याकडं बघू नका. हं, सोड तोटी, बाळ.