तबकडीवरचं नाव

नमस्कार. अध्यक्षबाई, वाचनालयाच्या मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले तीन-चार पुरुष, तुम्हालाही नमस्कार. पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘जुनी गाणी, जुना साज आणि स्वतःवरचं प्रेम’. तिन्हींवर बोलणार आहे. समोर बघते तर साजाची बाजू तुम्हीच सांभाळलीय. इरकली दिसतायत, खणाची पोलकी दिसतायत, फुग्यांच्या बाह्या परत आल्यायत. तिकडे एकीनं आजीच्या नऊवारी पातळाचा झगा शिवलाय, काठ बरोबर घेराला आणलाय आणि खाली कॅनव्हासचे बूट. मला फार आवडलं. काठ वाया न घालवता असा झगा बेतायचा म्हणजे डोकं लागतं. ते पातळ पेटीत राहिलं असतं तर घडीवर विरलं असतं.

माझा प्रश्न एवढाच आहे. हा साज, ही गाणी ज्या काळातली, त्या काळात ती घडवली कोणी? आपण फोटो बघतो, ‘काय तो काळ’ म्हणतो. फोटोतल्या बाईचं नाव विचारत नाही.

सुरुवात ग्रामोफोनच्या तबकडीपासून करते. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला आला, ध्वनिमुद्रणाचं सगळं सामान घेऊन. मायक्रोफोन तेव्हा नव्हता. विजेवरचं मुद्रण आलं १९२५नंतर. तोवर भिंतीतून एक कर्णा बाहेर काढलेला असायचा, त्यात तोंड घालून गायचं. तार सप्तकात गेलं की मान मागे घ्यायची, खाली आलं की पुन्हा पुढे, नाहीतर मेणावरचा ठसा बिघडला. समोर श्रोते नाहीत, दाद नाही, आणि वेळ जेमतेम तीन मिनिटं. रात्र रात्र मैफल गाणाऱ्यांना सांगायचं की तीन मिनिटांत राग उभा करा आणि संपवा. मोठमोठे उस्ताद याला नाक मुरडत होते. पुढे आल्या त्या बायका. तवायफ म्हणून ज्यांना समाज घरात घेत नव्हता, पण ऐकायला मात्र जात होता, त्या.

त्यातली गौहरजान. जन्म १८७३चा, आझमगढचा, जन्मनाव अँजेलिना. गाणं संपलं की ती कर्ण्यात ठणकावून इंग्रजीत सांगायची, ‘माय नेम इज गौहरजान’. याचं कारण अगदी व्यवहारी होतं. मेणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथल्या कारागिरांना कळायला हवं की हा साचा कोणाचा. पण ऐका कधीतरी ती घोषणा. कारागिरासाठी कोणी इतक्या ऐटीत नाव सांगत नाही. गायस्बर्गनं आठवणींत लिहून ठेवलंय की ही बाई मुद्रणाला दर वेळी नव्या पोशाखात यायची आणि तेच दागिने दुसऱ्यांदा घालायची नाही. समोर बघायला कोण होतं? एक कर्णा आणि दोन तंत्रज्ञ! तरी ती नटून यायची. आज ज्याला स्वतःवरचं प्रेम म्हणतात त्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. ती नटत होती गाण्यासाठी आणि स्वतःसाठी.

जाता जाता एक सांगते. तबकडी बनायची लाखेची. लाख, दगडाची पूड आणि काजळी. लाख आपल्याच जंगलांतली. म्हणजे बाईच्या हातातली लाखेची बांगडी आणि तिच्या आवाजाची तबकडी एकाच कच्च्या मालाच्या. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदाहला कारखाना निघाला, मग हॅनोव्हरची वारी संपली.

आता पुण्याकडे येते. इथे जरा वेळ जाईल, कारण हे माझं दुखणं आहे.

बाई सुंदराबाई. सुंदराबाई जाधव, पुण्याच्या, जन्म १८८५. बैठकीची लावणी, गझल, ठुमरी, भजन, सगळ्यांत मुरलेला आवाज. त्यांच्या तबकड्या घरोघरी होत्या. पण माझा मुद्दा तबकड्यांच्या पुढचा आहे. १९१९ साल घ्या. जानेवारीत नाटककार गडकरी गेले आणि फेब्रुवारीत बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं ‘एकच प्याला’ रंगमंचावर आणलं. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, नायिका सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. इथवर सगळ्यांना पाठ. चाली कोणाच्या?

बघा, सभागृह शांत झालं. पहिल्या रांगेतल्या काकू फक्त हसतायत, त्यांना ठाऊक आहे.

चाली सुंदराबाईंच्या. ‘कशि या त्यजूं पदाला’ आपण डोळे मिटून ऐकतो, सिंधूच्या सोशिकपणानं गहिवरतो, ती चाल एका बैठकीत गाणाऱ्या बाईनं दिली. दारुड्या नवऱ्याची पतिव्रता बायको, आणि तिला सूर दिले ते अशा बाईनं, जिला त्या काळचं सभ्य घर कदाचित ओटीवरही बसू देणार नव्हतं. विचार करा, सिंधूची सोज्वळता जी आपण ऐकतो, ती लिहिली गडकऱ्यांनी, गायली बालगंधर्वांनी, पण तिचा आवाज कसा असेल हे ठरवलं सुंदराबाईंनी. गझल-दादऱ्याच्या वळणातली नजाकत त्यांनी मराठी पदात अशी आणून बसवली की ती परकी वाटेना. याला मी निर्मिती म्हणते. नुसतं गळ्यातून काढणं वेगळं.

काही वर्षांपूर्वी आमच्या शहरात नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता. निवेदन सुरेख चाललेलं. गडकऱ्यांवर बोलणं झालं, गुर्जरांचं नाव आलं, बालगंधर्वांच्या शालूंवर पाच मिनिटं गेली. चालीबद्दल एकच शब्द, ‘पारंपरिक’. मी चिठ्ठी पाठवली, नाव लिहून, मोठ्या अक्षरात. वाचली गेली नाही. मध्यंतरात जाऊन भेटले तर निवेदक नम्रपणे म्हणाले, ‘‘ताई, लोक गाणं ऐकायला आलेत. त्यानं काय फरक पडतो?’’

मला अजून राग येतो. फरक पडतो. पुरुषानं दिलेली चाल असते तेव्हा गोविंदराव टेंब्यांचं नाव येतं, भास्करबुवांचं येतं, आणि यायलाच हवं. बाईनं दिली की ती परंपरेतून आपोआप उगवते. ओव्या आपोआप, भरतकामाचे टाके आपोआप, गोधडीवरची नक्षी आपोआप. परंपरा म्हणजे कोण? कोणीतरी एक बाई कधीतरी पहिल्यांदा बसली आणि तिनं ठरवलं की लाल तुकड्याशेजारी हिरवा लावायचा. तिचं नाव हरवलं, त्याला आता इलाज नाही. पण सुंदराबाईंचं हरवलेलं नाही ना! तबकडीवर छापलंय. मग ते न घेणं हा आळस आहे, आणि या आळसाला आपण फार वर्षं सभ्यता म्हणत आलोय.

याच सुंदराबाई १९३९ मध्ये ‘माणूस’मध्ये दिसतात, प्रभात फिल्म कंपनीच्या. नायकाची आई. साधं लुगडं, कपाळावरचं भक्तिभावाचं समाधान. तो चित्रपट मिळाला तर त्यांच्यासाठी बघा.

साजाचीही हीच गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी मध्यमवर्गातल्या बायका कोणाची साडी बघून साडी नेसत होत्या? बालगंधर्वांची. त्यांचा पदर, त्यांचा गजरा, त्यांची नथ. मी त्यांची भक्त आहे, गैरसमज नको. पण बाईनं कसं दिसावं हे रंगमंचावरून एक पुरुष शिकवत होता, कारण घरंदाज बाईला त्या रंगमंचावर पाऊल ठेवायची मुभा नव्हती. मग बायका स्वतः आल्या. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, गोव्याकडच्या, आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनं, भावगीताच्या हलक्या आवाजात केली. बाईचा आवाज नाटकात बाईचाच आला, की चालणं, हसणं, पदर सावरणं, सगळंच बदलतं.

हिराबाई बडोदेकरांचं तर मला वेगळं व्याख्यान द्यावंसं वाटतं. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाईंची मुलगी. तिकीट लावून जाहीर मैफल करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. अदा नाही, हावभाव नाहीत. दोन्ही खांद्यांवरून पदर, ताठ बैठक, मागे तानपुरे, आणि ख्याल. आज तो फोटो बघून आपल्याला ‘साधी राहणी’ वाटते. त्यात साधं काहीही नव्हतं. एकेक गोष्ट विचार करून ठरवलेली. ज्यांना मला बघायचंय त्यांना गाणं ऐकावं लागेल, हे त्या पदरानं सांगितलेलं आहे. ती त्यांची स्टाइल होती, त्यांनी स्वतः घडवलेली, आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या गायिका तशाच बसल्या.

आणि बरोबर उलट्या टोकाला केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. हिरे, मोती, उंची साड्या, बिदागीच्या बाबतीत एक पैसा इकडचा तिकडे नाही. मला कोणी विचारतं, साधेपणा बरा की नटणं बरं? हा प्रश्नच चुकीचा आहे. हिराबाईंनी आपला पदर स्वतः ठरवला, केसरबाईंनी आपले हिरे स्वतः ठरवले. केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची, १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत गेली. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आज ती तबकडी सूर्यमालेतले सगळे ग्रह मागे टाकून पुढे गेलेली आहे, आणि तिच्यात बाख आहे, बीथोव्हन आहे, आणि आमच्या केरीची बाई आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. अध्यक्षबाई, मी अजून ‘स्वतःवरच्या प्रेमा’ला हात लावलेला नाही, पंधरा द्या. नाही? बरं, भरभर सांगते.

शांता आपटे. १९३७चा ‘कुंकू’. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी ते लग्न मानायला नकार देते. पडद्यावर हे केलंच, आणि पडद्याबाहेर दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, करारावरून वाद झाला तेव्हा ही बाई प्रभातच्या फाटकासमोर उपोषणाला बसली. नटीनं उपोषण! १९४०मध्ये स्वतःच्या नावानं पुस्तक काढलं, ‘जाऊ मी सिनेमात?’ पुढे ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटासाठी ती तमिळ शिकली आणि स्वतःच्या आवाजात गायली, ज्या चित्रपटात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. तिचे फुग्यांच्या बाह्यांतले फोटो आज पोस्टकार्डावर विकतात. बाह्या सुंदर आहेत. पण त्या बाह्यांतले हात फाटकाशी आपल्या मेहनतीचं मोल मागत होते, हे पोस्टकार्डावर नसतं.

तेव्हा स्वतःवरचं प्रेम म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःला गोड म्हणणं, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तेही करा, जरूर करा. ज्या मुलींना सावळ्या म्हणून, जाड म्हणून बोललं गेलंय त्यांना ते करायलाच हवं. पण या बायकांचं प्रेम आणखी पुढचं होतं. आपल्या कामाला आपलं नाव लावायचं, आपली किंमत आपण सांगायची, आणि कमी मिळाली तर भांडायचं. तुम्ही पातळांचे झगे शिवता, खणाच्या पिशव्या करता, जुनी गाणी नव्या वाद्यांवर गाता. तर ती वस्तू देताना ‘असंच आपलं, फावल्या वेळात’ म्हणू नका. मला फार वाईट वाटतं ते ऐकून. शिवलंय तर नाव घाला, आतल्या शिवणीवर का होईना. चाल लावलीय तर कार्यक्रमपत्रिकेत छापून घ्या. आणि खण घेताना विणणाऱ्याचा विचार करा. खण येतो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून, हातमागावर, अरुंद पन्ह्याचा, कारण तो मुळात पोलक्यापुरताच विणत. त्याची साडी ही आत्ता आत्ताची युक्ती आहे, आणि चांगली युक्ती आहे.

नक्कल करण्याबद्दल दोन वाक्यं बोलायची होती, एकच बोलते. सुंदराबाईंनी उत्तरेकडची गाणी तशीच उचलून गायली असती तरी चाललं असतं, पैसे मिळाले असते. त्यांनी ती मोडली, मराठीत बसवली, सिंधूसाठी वेगळी केली. जुनं घ्या, पण इतकं तरी मोडा की त्यात तुम्ही दिसाल.

आता खरंच थांबते, कारण त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ग्रामोफोन मांडून ठेवलाय आणि तो माझ्याहून चांगलं बोलतो. तबकड्या हाताळायला हरकत नाही, फक्त दोन्ही हातांनी कडेनं धरा, खोबणींना बोट लावू नका, पडली तर तुकडे होतात. सुई दर बाजूला नवी लावायची, डबी शेजारी आहे. वरची पहिली सुंदराबाईंची आहे, मधल्या कागदावरचं नाव अगदी स्पष्ट आहे, वाचा. चावी कोण फिरवतंय? या, तुम्ही या, झग्यावाल्या.