पूड, लेझर आणि एक बारीक छिद्र

(कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. साच्यात लोखंडाचा रस ओतला जातोय.)

रस ओतताना इथं कुणी बोलत नाही. वाळू झाडून झाली की मेस्त्री कास्टिंगवर हातोडी मारतात आणि कान देतात. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं, तर आत कुठंतरी तडा आहे.

आता हा दुसरा तुकडा बघा, थ्रीडी प्रिंटिंगनं छापलेला. याला ना साचा, ना वाळू. टायटॅनियमच्या पुडीचा 30 ते 60 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर पसरायचा, लेझरनं हवा तेवढाच वितळवायचा, वर पुढचा थर. असे हजारो थर. वितळलेला ठिपका इतक्या झपाट्यानं गार होतो, की धातूची आतली घडण सुईसारखी बारीक होते. ताकद भरपूर येते, पण ताणल्यावर हा धातू फारसा लांबत नाही, लवकर तुटतो.

आणि तो कुठल्या दिशेनं ओढला, यावरही बरंच ठरतं. दोन थर नीट जुळले नाहीत, तर मध्ये चपटी फट राहते. आडव्या छापलेल्या नमुन्याला ती फारशी जाणवत नाही. उभा छापलेला नमुना ओढला, की तीच फट उघडते. पूड तीच, मशीन तेच, तरी निकाल वेगळा.

(तुटलेल्या नमुन्याचं तोंड, अगदी जवळून.)

हा नमुना एकदाच ओढला असता तर पास झाला असता. पण लाखो वेळा ताण दिला, सोडला, पुन्हा दिला, आणि तो तुटला. कडेचं हे काळं टिंब दिसतंय? केसाच्या जाडीचं छिद्र. तडा इथूनच निघाला. विमानाच्या नाहीतर गुडघ्याच्या सांध्याच्या भागाबाबत मला काळजी वाटते ती याच टिंबाची. ताकदीचा आकडा कितीही मोठा असला, तरी तो या टिंबाबद्दल काही सांगत नाही.

उपाय आहे. बंद भांड्यात साधारण 920 अंश तापमान आणि हवेच्या हजारपट दाबाचा आरगॉन गॅस, दोन तास. आतली छिद्रं दाबून मिटतात. पण पृष्ठभागावर उघडलेलं छिद्र तसंच राहतं, कारण गॅस त्यातच शिरतो. ते काढायला लेथसारखं मशीन लागतं, वरचा खडबडीत थर सोलायला. आणि लेथवरचा हात कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे.