नोंदणीचा खर्च कुणाच्या खिशातून?

(सात रस्ता, सकाळ. झेरॉक्सचं दुकान.)

सोलापुरात दुकानं नुकती उघडताहेत, पण हे मशीन केव्हाच तापलंय. काउंटरवरची ही जाड फाइल एका छोट्या अभियांत्रिकी फर्मची आहे. दोन अभियंते, एक सुपरवायझर, स्वतःचा एक मिक्सर. सरकारी काम घ्यायचं तर आधी ठेकेदार म्हणून नोंदणी हवी, आणि नोंदणीला ही फाइल.

पानं जवळून बघा. पदवीची प्रत. पॅन, जीएसटी. ताळेबंद, त्यावर सीएचा शिक्का. बँकेचा सॉल्व्हन्सी दाखला, म्हणजे आर्थिक ऐपतीचा. मशिनरीची यादी, बिलांसकट. स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र. केलेल्या कामांचे दाखले, कार्यकारी अभियंत्याच्या सहीचे. एक सही राहिली की फाइल परत.

नोंदणी वर्गवार होते. ज्या वर्गात नाव, त्या रकमेपर्यंतचीच कामं. मुदत संपली की नूतनीकरण, म्हणजे पुन्हा हेच काउंटर. वास्तुविशारदांच्या देशभरच्या नोंदणीसाठी 1972 चा कायदा आहे. अभियंत्यांची देशभर चालेल अशी एकच नोंदणी नाही. महापालिकेचा परवाना वेगळा, बांधकाम खात्याची नोंदणी वेगळी.

एवढं करून निविदा भरायला बसलं, की अनुभवाची अट. सरकारी कारभारातल्या भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 च्या परिपत्रकातले आकडे अजूनही निविदांमध्ये भेटतात: गेल्या 7 वर्षांत अंदाजित खर्चाच्या प्रत्येकी 40 टक्क्यांची तीन कामं, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचं एक. म्हणजे 1 कोटीच्या रस्त्याला 40 लाखांची तीन कामं आधीच झालेली हवीत. नव्या पोरानं ती आणायची कुठून? राज्यानं एक दार ठेवलंय, हे खरं. ठराविक रकमेपर्यंतच्या लहान कामांत एक वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांचा, एक मजूर संस्थांचा, बाकी खुला. पण त्या मर्यादेच्या वर पुन्हा फाइलच.

(रस्त्याचं काम. फलक धूसर.)

फलकावरचं नाव आम्ही दाखवत नाही. ते मोठ्या नोंदणीकृत फर्मचं आहे. उन्हात उभा आहे तो पोटठेकेदार. नोंदणीवाल्याचा हिस्सा आधी बाजूला निघतो, उरलेल्यात खडी, सिमेंट, मजुरी बसवायची.

(प्रयोगशाळा.)

आणि हा 15 सेंटिमीटरचा काँक्रीटचा क्यूब. 28 दिवस पाण्यात होता. दाब देणाऱ्या मशीनचा काटा चढतोय... थांबा... फुटला. रस्त्यात काय माल पडलाय, ते इथं कळतं. फर्म कुठल्या वर्गातली, यावरून कधीच कळत नाही. इमारतीचं डिझाइन करणाऱ्याची पात्रता तपासलीच पाहिजे, तिथं माणसांचे जीव आहेत. पण गल्लीतल्या गटारीला, फुटपाथला ताळेबंदाची चाळणी कशाला? तेच मनुष्यबळ साइटवरच्या देखरेखीला लावा, चाचण्यांना लावा, दोष दायित्वाच्या मुदतीत, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चानं व्हायची त्या काळात, काम खचलं तर ठेकेदाराकडून करून घ्यायला लावा.

स्पर्धक कमी झाले की फेरनिविदा, वाया गेलेले महिने, चढा दर. कोटीमागे 1 टक्का चढला तरी 1 लाख रुपये, आपल्याच घरपट्टीतून.

आमची मागणी एवढीच आहे: प्रत्येक निविदेत किती फर्म आल्या, किती बाद झाल्या आणि कुठल्या कागदावरून, ही यादी महापालिकेनं दर महिन्याला जाहीर करावी.