लोखंडाचे अणू दाटीने का बसत नाहीत?

श्रोतेहो, नमस्कार.

डिचोली आणि सांग्याच्या डोंगरांतून निघणाऱ्या लाल खनिजामुळे लोखंड हा आपल्या गोव्यात घरोघरी बोलण्याचा विषय झाला आहे. परंतु त्या लोखंडाच्या पोटात अणू कसे रचलेले असतात आणि तसेच का, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. आज त्याविषयी बोलू.

धातूचे अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन एका सामाईक साठ्यात सोडतात. त्यातून निर्माण होणाऱ्या बंधाला ठरावीक दिशा नसते, म्हणून भोवती जितके शेजारी अधिक तितकी ऊर्जा बहुधा कमी, म्हणजेच रचना अधिक स्थिर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रचलेल्या मोसंब्यांच्या राशीत वरचे फळ खालच्या फळांमधल्या खळग्यात बसते, तसेच तांबे, चांदी, सोने आणि ॲल्युमिनियम यांचे अणू बसतात. अशा रचनेत प्रत्येकाला १२ शेजारी मिळतात आणि ७४ टक्के जागा भरते. सारख्या आकाराचे गोळे याहून दाट रचता येत नाहीत, हा केप्लरचा १६११ मधला तर्क. त्याची सिद्धता गणितज्ञ टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये मांडली.

लोखंड मात्र या नियमात बसत नाही. आपल्या नेहमीच्या तापमानाला त्याचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि मधोमध एक असे असतात. शेजारी ८ आणि भरलेली जागा ६८ टक्के. पाठ्यपुस्तके पुष्कळदा गोळ्यांचे उदाहरण देऊन थांबतात, ते मला अपुरे वाटते, कारण अणू हे टणक गोळे नव्हेत. या आठ शेजाऱ्यांच्या पलीकडे, अंतर जेमतेम १५ टक्के वाढले की आणखी सहा अणू भेटतात, त्यामुळे विरळ रचनेत होणारा तोटा फार मोठा नसतो. तो भरून काढते ते लोखंडाचे चुंबकत्व. त्यातील जोडीदाराविना एकेकटे उरलेले इलेक्ट्रॉन आपली फिरकी (स्पिन, ज्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन इवल्याशा चुंबकासारखा वागतो) एकाच दिशेला ठेवतात आणि या विरळ रचनेची ऊर्जा त्यामुळे खाली येते. याचा पुरावा आवर्त सारणीतच आहे. लोखंडाच्याच स्तंभात खाली असलेले रुथेनियम आणि ऑस्मियम यांच्यात असे चुंबकत्व नाही, आणि त्या दोघांचे अणू षट्कोनी दाट रचनेतच, म्हणजे १२ शेजाऱ्यांच्याच दुसऱ्या एका मांडणीत, बसलेले आहेत.

हा तोल इतका नाजूक की नुसत्या उष्णतेने तो ढळतो. ९१२ अंश सेल्सिअसला शुद्ध लोखंड तांब्यासारखी दाट रचना घेते, १३९४ अंशांना पुन्हा विरळ होते आणि १५३८ अंशांना वितळते.

लोहार कोयत्याला पाणी पाजतो, तेव्हा तो याच बदलाचा उपयोग करत असतो. भट्टीत पाते लाल झाले की रचना दाट होते. तिच्यातील एकूण मोकळी जागा कमी असली, तरी सुट्या पोकळ्या मोठ्या असल्यामुळे पोलादातला कार्बन तिथे सहज सामावतो. विरळ रचनेत त्याला जवळजवळ जागाच नसते. पाते झटकन पाण्यात बुडवले की अणू विरळ रचनेकडे परतू लागतात, पण कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. अडकलेल्या कार्बनमुळे घन एका बाजूने ताणला जातो आणि पाते कठीण होते. ते पुरेसे लाल होण्याआधीच बुडवले, तर पाणी कितीही थंड असले तरी कोयत्याची धार टिकत नाही.