लघवीची जळजळ आणि निकामी होत चाललेल्या गोळ्या

(महिला मंडळाच्या आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण, संपादित)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली पुरुष मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय 'महिलांचे आरोग्य' असा छापलाय. खरा विषय लघवीच्या संसर्गाचा आहे. तसं छापायला संकोच वाटला असणार, आणि या आजारातली औषधं निकामी होण्यात त्याच संकोचाचा मोठा हात आहे असं माझं मत आहे.

जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब, पुरुषाचा वीसच्या आसपास. दहातल्या सात-आठ वेळा जंतू एकच असतो, ई. कोलाय. तो बाहेरून कुठून येत नाही, आपल्याच आतड्यात गुण्यागोविंदाने राहत असतो. तिथून निघून चार सेंटिमीटरची वाट चढला की मूत्राशयात पोचतो.

मग काय होतं? उन्हाळी लागली म्हणून बाई दोन दिवस धण्याचं पाणी पिते. कमी झालं नाही तर मुलाला मेडिकलमध्ये पाठवते, 'आईच्या पोटात दुखतंय' असं सांगून. तिथून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा सेफिक्झिम यांसारखं अँटिबायोटिक येतं. दुसऱ्या दिवशी आराम पडतो आणि उरलेली पट्टी फ्रिजच्या दारात जाते, पुढच्या वेळेसाठी, नाहीतर जावेसाठी.

ती गोळी काही फक्त मूत्राशयात जात नाही. ती आतड्यातही पोचते आणि तिथले साधे ई. कोलाय मारते. तग धरून राहतात ते औषधाला दाद न देणारे, आणि मोकळी झालेली जागा तेच भरून काढतात. पुढचा संसर्ग याच साठ्यातून येणार! 2010 साली ब्रिटिश संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की अँटिबायोटिक घेतल्यानंतर प्रतिरोधक जंतू सापडण्याची शक्यता पहिल्या एक-दोन महिन्यांत सर्वात जास्त असते, पण परिणाम वर्षभरापर्यंत राहू शकतो. म्हणून डॉक्टरांना गेल्या वर्षभरातल्या गोळ्या सांगायच्या. घशासाठी घेतलेल्यासुद्धा.

या जंतूंकडे औषध तोडून टाकणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. त्यातलं सीटीएक्स-एम-15 नावाचं विकर 2001 साली प्रसिद्ध झालं, तेही दिल्लीतल्या नमुन्यांवरून. आज ते जगभर पसरलंय. ते बनवण्याची माहिती प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असते. शेजारणीने शेजारणीला विरजण द्यावं तसं एक जंतू दुसऱ्याला हे कडं देतो. देणाऱ्याचं कमी होत नाही, घेणाऱ्याच्या घरी नवं लागतं. शिवाय एकाच कड्यावर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात. म्हणून सेफिक्झिमला न जुमानणारा जंतू बहुतेकदा सिप्रोलाही जुमानत नाही. मग मेरोपेनेमसारखी इंजेक्शनं लागतात, म्हणजे साध्या जळजळीसाठी शिरेत सुई. तीही निकामी करणारं एनडीएम-1 हे विकर पहिल्यांदा सापडलं ते 2008 मध्ये, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत. त्याच्या नावात नवी दिल्ली आहे म्हणून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! नावावर जितका राग काढला त्याच्या निम्मा गोळ्यांच्या खपावर काढला असता तर बरं झालं असतं.

यात एक दिलाशाची गोष्ट आहे. दोन जुनी औषधं आपल्याकडे अजून बरी चालतात. नायट्रोफ्युरंटॉइन 1953 पासून वापरात आहे. ते रक्तात फार थोडं राहतं, लघवीत साठतं, आणि जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला करतं, त्यामुळे त्याला प्रतिकार करणं अवघड जातं. दुसरं फॉस्फोमायसिन, पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची तीन ग्रॅमची पुडी. पण नायट्रोफ्युरंटॉइन जुनं आणि स्वस्त, शिवाय लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, म्हणून पेशंटचा विश्वास बसत नाही. 'डॉक्टर, जरा पॉवरफुल द्या ना!' ही गोळी जेवणासोबत घ्यावी. तिच्याबरोबर लघवी अल्कधर्मी करणारं ते गोड सिरप घेऊ नये, कारण आम्लधर्मी लघवीत ती जास्त चांगली काम करते. काउंटरवर मात्र दोन्ही हमखास जोडीने मिळतात. आणि थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असं असेल तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. तिथे नायट्रोफ्युरंटॉइन आणि फॉस्फोमायसिन पुरी पडत नाहीत. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांतही नायट्रोफ्युरंटॉइन टाळतात.

कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याच्यावर कोणती औषधं चालतात ते बघायची तपासणी, प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. धडधाकट तरुण बाईला पहिल्यांदाच जळजळ झाली तर डॉक्टर लक्षणांवरून औषध देऊ शकतात. पण त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, बाई गरोदर असेल, ताप असेल, तर बाटली आधी आणि गोळी नंतर. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी धरायची आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचवायची. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यातल्या औषधांच्या यादीत जी चालतील त्यांतलं सगळ्यात भारी निवडायचं नसतं. चालेल असं सगळ्यात साधं निवडायचं.

कायदा आहे. सेफिक्झिमसारखी औषधं 2014 पासून 'शेड्यूल एच-1' मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, दुकानदाराला वेगळी वही ठेवावी लागते. ती वही किती ठिकाणी भरली जाते ते तुम्हीच आठवून बघा. तरी मी सगळा दोष मेडिकलवाल्याला देणार नाही. तालुक्याला बाई डॉक्टर नाही, दवाखान्यात गेलं तर दिवसाचा रोज बुडतो, आणि पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडत नाही. अशा बाईने काउंटरवर जाऊ नये तर कुठे जावं?

आता पाणी. 2018 मध्ये एक चांगली चाचणी प्रसिद्ध झाली. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या बायकांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांचे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले, अँटिबायोटिकही कमी लागलं. ऐकायला किती सोपं! पण एसटीने निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही. ऊसतोडीच्या फडात आडोसा नाही. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांनी मोहीम चालवली, तेव्हा लोक हसले. माझ्या हिशेबात स्वच्छ मुतारीचा खर्च औषधांच्या बजेटात धरायला हवा.

एक चिठ्ठी आलीय. 'सासूबाईंना काही त्रास नाही, पण रिपोर्टमध्ये जंतू आले. काय द्यावं?' काही देऊ नका. वय वाढलं की लघवीत जंतू सापडणं सर्रास असतं. जळजळ नाही, ताप नाही, तर गोळी नाही. अपवाद गरोदर बायकांचा आणि मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रियांआधीचा. आणि त्यांना खरोखरच वारंवार त्रास होऊ लागला, तर पाळी गेलेल्या बायकांसाठी योनीमार्गात लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते. ती अँटिबायोटिक नाही, आणि त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण कमी करते. स्त्रीरोगतज्ज्ञांना स्वतःहून विचारा, कारण हे विचारायला पेशंट लाजतात आणि सांगायला डॉक्टर विसरतात.